शहर सुधारायचं कुणी? मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची गोष्ट

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी ही नेहमीप्रमाणे लेखी आवृत्ती. बोलताना मी जिथं भरकटलो होतो तेवढं कापलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीतल्या पाच बागांच्या बाजूला तुम्ही कधी चालला असाल, तर एक गोष्ट जाणवली असेल. मुंबईच्या ऐन मध्यात एवढे सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं आणि इमारतींच्या मधे मोकळी जागा, हे सगळं आलं कुठून? आता दुसरा प्रश्न. आग्रीपाडा, मुंबई सेंट्रल, परळ इथं जुन्या चाळींना लोक ‘बीआयटी चाळ’ म्हणतात. त्यातलं बीआयटी म्हणजे काय?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९८ साली सुरू झालेली आणि १९३३ मध्ये महापालिकेत विरून गेलेली ही संस्था. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, इतिहासाचा पदवीधर नाही. पण माझं ऑफिस पुण्याजवळच्या हिंजवडीत आहे, आणि तिथं रोज एक प्रश्न डोक्यात येतो, की या एवढ्या मोठ्या वस्तीचं नक्की बघतं कोण? तो प्रश्न घेऊन मागं मागं गेलो, तर थेट प्लेगच्या मुंबईत पोचलो.

आधी पालिका कशी होती ते बघू

१८६५ मध्ये मुंबईला आर्थर क्रॉफर्ड नावाचे म्युनिसिपल कमिशनर मिळाले. हो, क्रॉफर्ड मार्केटवाले तेच. माणूस धडाडीचा होता. रस्ते, गटारं, बाजार, सगळं त्यांनी झपाट्यानं हाती घेतलं. पण पैसा कुठं आणि किती खर्च होतोय यावर कुणाचा लगाम नव्हता. पालिका कर्जात गेली आणि १८७१ मध्ये कर भरणारे लोक उठले.

तेव्हा २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी एक निबंध वाचला. लोकांचा राग क्रॉफर्डवर होता. मेहतांचं म्हणणं वेगळं होतं: कारभारी एकच आणि ताकदीचा असू द्या, पण त्याच्यावर देखरेख करणारी सभा लोकांनी निवडलेली हवी. १८७२ च्या कायद्यानं ६४ जणांची सभा आली, त्यातले ३२ करदात्यांनी निवडलेले. पुढं १८८८ चा कायदा आला, ज्यावर मुंबई महापालिका आजही, कितीतरी दुरुस्त्यांसह, चालते. त्यात ७२ सदस्य, पैकी ३६ वॉर्डांमधून निवडलेले. कारभार मात्र सरकारनं नेमलेल्या आयुक्ताच्या हातात. ही रचना अजून तशीच आहे.

आता यात मत कुणाला होतं, हे महत्त्वाचं. ठरावीक रकमेपेक्षा जास्त कर भरणाऱ्यालाच. म्हणजे घरमालक, व्यापारी, वकील, डॉक्टर. चाळीत एका खोलीत राहणारा गिरणी कामगार किंवा गोदीतला हमाल या हिशेबात कुठंच नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं तिच्यावर येऊन थांबतं.

प्लेग

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात तापाचे आणि गाठींचे रुग्ण दिसू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं ओळखलं. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ पुतळा आहे तो त्यांचाच. साथ पसरली, तसे लाखो लोक गाव गाठायला निघाले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ झाली. ज्या शहराला वाढायचीच सवय, ते दहा वर्षांत आकसलं.

सरकारनं मार्च १८९७ मध्ये प्लेगचं काम पालिकेकडून काढून घेतलं आणि ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीकडे दिलं. पुण्यातल्या रँडच्या कमिटीची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मुंबईतही घरात शिरून तपासणी, सक्तीनं रुग्णालयात नेणं, सामान जाळणं, हे सगळं चाललं. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जायची. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. लोकांना न विचारता केलेल्या सक्तीची किंमत सरकारला दोन्ही शहरांत मोजावी लागली.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तोवर पक्कं समजलेलं नव्हतं. रोग अंधारात, दमट जागेत, दाटीवाटीत राहतो, असा बहुतेकांचा समज होता. मग उपाय काय? दाटी फोडायची, हवा आत आणायची. पण हे काम पालिकेला द्यायचं नाही असं ठरलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनं १८९८ चा कायदा केला, आणि त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं काम सुरू झालं.

ट्रस्टची रचना

ट्रस्टचे १४ विश्वस्त. त्यातले फक्त ४ पालिकेनं निवडलेले. बाकी जागा सरकारी अधिकारी, सरकारनं नेमलेले लोक आणि चेंबर ऑफ कॉमर्स, पोर्ट ट्रस्ट, गिरणीमालक संघ यांचे प्रतिनिधी यांच्याकडे. अध्यक्ष सरकारनं नेमलेला, पूर्णवेळ. जमीन सक्तीनं घ्यायचा अधिकार ट्रस्टला होता. सरकारच्या आणि पालिकेच्या मोकळ्या जमिनी त्याच्याकडे आल्या, कर्जरोखे काढायची मुभा मिळाली. शिवाय पालिकेनं आपल्या उत्पन्नातून दरवर्षी ठरलेला वाटा ट्रस्टला द्यायचा. म्हणजे पैसा करदात्यांचा, पण खर्च करणाऱ्या मंडळात करदात्यांचे प्रतिनिधी १४ पैकी ४. आणि भाडेकरूंचा? एकही नाही.

इथं सरकारची बाजूही सांगायला हवी. पालिकेवर घरमालकांचं वजन होतं, आणि आपल्याच घरांवर हातोडा चालवायला मालकांची सभा सहजासहजी तयार होणार नाही, ही शंका खोटी नव्हती. वेगळं मंडळ काढण्यामागं हे एक खरं कारण होतं. पालिका म्हणजे लोकशाही आणि ट्रस्ट म्हणजे जुलूम, इतकं सोपं हे नाही. चाळीतल्या माणसासाठी दोन्हीकडची दारं सारखीच बंद होती.

रस्ते झाले, माणसं कुठं गेली?

पहिल्या योजना अशा: नागपाड्याची दाट वस्ती पाडून नव्यानं बांधणं, समुद्राकडून गावात शिरणारा प्रिन्सेस स्ट्रीट, आणि चौपाटीकडून डोंगरीच्या दिशेनं जाणारा सँडहर्स्ट रोड. या दोन रस्त्यांची कल्पना अशी की पश्चिमेचा समुद्रवारा थेट दाट वस्तीच्या पोटात जावा. प्रिन्सेस स्ट्रीट आज शामळदास गांधी मार्ग आहे. सँडहर्स्ट रोडचा मोठा भाग सरदार वल्लभभाई पटेल रोड झालाय, जुनं नाव रेल्वे स्टेशनानं सांभाळलं.

रस्ते उत्तम झाले, यात वाद नाही. पण रस्ता जिथून गेला तिथं घरं होती. कायद्यानं नुकसानभरपाई मिळाली ती मालकाला. भाडेकरूच्या हातात काहीच पडलं नाही. विस्थापित गरिबांसाठी ट्रस्टनं चाळी बांधायच्या होत्या, आणि बांधल्याही. त्याच या बीआयटी चाळी. पण पाडण्याचा वेग बांधण्यापेक्षा जास्त होता. ज्यांची खोली गेली त्यांना त्याच आठवड्यात डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि तेही कामाच्या जवळ. गोदीत पहाटे हजेरी असते, बाजारात हमाली करायची असते, लांब जाऊन राहणं परवडत नाही. मग ही माणसं शेजारच्या गल्लीतल्या खोल्यांत शिरली. तिथली दाटी वाढली, भाडी वाढली. दाटी मोडायला निघालेल्या योजनेनं शेजारी नवी दाटी तयार केली.

आमच्या कामात एक साधा नियम आहे: नवा सर्व्हर नीट चालायला लागल्याशिवाय जुना बंद करायचा नाही. ट्रस्टच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणणार? हुशार माणसं होती ती. साडेत्रेसष्ट अंशांचा त्यांचा नियमच बघा. इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा समोर सोडली, तर साधारण या कोनातून उजेड तळमजल्याच्या खोलीपर्यंत पोचतो. शाळेच्या त्रिकोणमितीतून काढलेला इतका सुटसुटीत नियम, आणि त्यानं हजारो खोल्यांत उजेड आला. तांत्रिक अक्कल भरपूर होती. पण ‘घर पाडल्यावर मी आज रात्री झोपू कुठं?’ हे विचारणारा माणूस बैठकीत नव्हता. कुणी विचारलं नाही, म्हणून तो प्रश्न वेळापत्रकात आला नाही.

दादर-माटुंग्याचा धडा

ट्रस्टला हे उमगायला दहाएक वर्षं लागली. १९०९ च्या सुमारास जे. पी. ऑर अध्यक्ष झाले आणि भर बदलला. दाट वस्तीवर थेट हल्ला करण्याऐवजी आडवळणानं जायचं, असा त्यांचा आग्रह: आधी उत्तरेकडे मोकळ्या जमिनीवर वस्ती तयार करा, म्हणजे लोक आपणहून तिकडं सरकतील आणि जुन्या भागातली गर्दी सैल होईल. दादर, माटुंगा, शीव इथल्या योजना कागदावर आधीपासून होत्या, त्यांना आता जोर आला.

तिथं रस्ते आखले गेले, गटारं टाकली गेली, मोकळ्या जागा सोडल्या गेल्या आणि मग प्लॉट भाडेपट्ट्यानं दिले गेले. ट्रस्टमधलेच इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनी पारशी कुटुंबांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले, ती पारशी कॉलनी. शेजारी हिंदू कॉलनी, पुढं माटुंग्यात दक्षिण भारतीयांची वस्ती. पण नीट बघा, इथं राहायला कोण आलं? कारकून, शिक्षक, डॉक्टर, वकील. मध्यमवर्गाला शहरात पहिल्यांदा स्वतःचा स्वयंपाकघर-संडास असलेला ब्लॉक मिळाला. नागपाड्यातून उठवलेला मजूर काही दादरला आला नाही.

ट्रस्टची ही दोन टोकं एकाच माणसाच्या आयुष्यात भेटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं राहिले. खोल्या दोन, ५० आणि ५१ क्रमांकाच्या. कोलंबिया आणि लंडनची शिक्षणं, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हे सगळं होत असताना घर तेच. नंतर त्यांनी पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून घर बांधलं, राजगृह. ते कुठं? हिंदू कॉलनीत. चाळ ट्रस्टची आणि कॉलनीही ट्रस्टनंच आखलेली. दोन्हींतलं अंतर चालत जाण्याएवढं आहे, पण ते ओलांडणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतील.

लॉइडसाहेबांचा घाट

पहिल्या महायुद्धानंतर भाडी आकाशाला भिडली. तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये आणखी एक वेगळं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. म्हणजे पालिका आहे, ट्रस्ट आहे, आणि आता हे तिसरं. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं जाहीर केलं. बांधल्या १६ हजारांच्या आसपास, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळींत. त्याच बीडीडी चाळी. सुरुवातीला त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या, कारण भाडं जास्त आणि सोयी अपुऱ्या. घरांची टंचाई आहे आणि बांधलेली घरं रिकामी आहेत, हे चित्र आपल्याकडं इतकं जुनं आहे.

याच खात्यानं बॅकबेचा समुद्र हटवायचा घाट घातला. खर्च वाढत गेला, काम रखडलं, जमीन ठरवल्यापेक्षा कितीतरी कमी निघाली. खुर्शेद नरिमन या वकिलानं हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले, आणि पुढं मुंबईचे महापौरही झाले. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच. समुद्रात भराव घालण्याच्या कारभारावर बोट ठेवणाऱ्या माणसाचं नाव पुढं भरावाच्याच जमिनीला मिळालं.

मत आलं आणि ट्रस्ट गेला

याच सुमारास दुसरीकडं एक बदल झाला. १९२२ च्या दुरुस्तीनं ठरावीक रकमेवर भाडं भरणाऱ्यांना पालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं. भाडेकरू मतदार झाला. सगळा नाही, अगदी गरीब तर नाहीच, पण दार किलकिलं झालं. १९२५ मध्ये ट्रस्टचं काम पालिकेकडे वळवणारा कायदा झाला आणि १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत पूर्ण विलीन झाला. सगळ्या प्रौढांच्या मतावर पालिकेची पहिली निवडणूक १९४८ ची.

ट्रस्टची एक खूण पालिकेत अजून आहे. स्थायी समितीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, तिच्यासोबत एक ‘सुधार समिती’ असते. जमिनी, भाडेपट्टे, आरक्षणं यांचे विषय तिच्यापुढं येतात. ती याच विलीनीकरणातून आली. जे काम आधी नेमलेले विश्वस्त बंद खोलीत करायचे, ते आता निवडून आलेले नगरसेवक करू लागले. ते चांगलंच करतात असा माझा दावा नाही. पण नीट केलं नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे तरी ठाऊक असतं.

मग आज काय?

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण स्वातंत्र्यानंतर आपण तीच वाट पुन्हा धरली. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको, मुंबई प्रदेशासाठी १९७५ मध्ये आजचं एमएमआरडीए, झोपडपट्ट्यांसाठी १९९५ मध्ये एसआरए, पुण्यासाठी २०१५ मध्ये पीएमआरडीए. नागपुरात तर १९३६ च्या कायद्यातून आलेला ‘सुधार प्रन्यास’ आहेच. प्रन्यास म्हणजे ट्रस्ट. प्रत्येक वेळी कारण तेच, की काम मोठं आहे, पालिकेला झेपणार नाही, घाई आहे. आणि प्रत्येक वेळी ते कारण थोडं खरंही असतं. सिडकोशिवाय नवी मुंबई झाली नसती, हे मान्य करायला हवं.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत जागा दिली. बाराव्या अनुसूचीत १८ कामांची यादी आहे, आणि तिच्यात पहिलंच काम आहे नगर नियोजन. पण ही कामं प्रत्यक्ष कुणाकडे सोपवायची, ते राज्य सरकार ठरवतं.

हिंजवडीचंच बघा. आयटी पार्क एमआयडीसीनं उभारला. हिंजवडी आणि माण ही गावं ग्रामपंचायतींच्या कारभारात. भोवतालचं नियोजन पीएमआरडीएकडे, जिचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. शिवाजीनगरला जोडणारी मेट्रो मार्गिकाही तिच्याकडेच. शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. इथं कामाला येणारी बहुतेक माणसं राहतात एकीकडं, मत देतात दुसरीकडं, आणि दिवसाचे दहा तास काढतात तिसऱ्याच हद्दीत. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलं तर त्यांनी मत दिलेल्या कुठल्याच माणसाचा त्या पाण्याशी संबंध नसतो.

आणि जिथं महापालिका आहे तिथं? मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड या पालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती होता. सुधार समिती नव्हती, वॉर्डातला नगरसेवक नव्हता. १८९८ मध्ये ज्याला मत नव्हतं त्याला ट्रस्टच्या बैठकीत जागा नव्हती. आज मत सगळ्यांना आहे, पण ज्या बैठकीत रस्ता ठरतो ती बैठक त्या मतानं बनलेली असेलच असं नाही.

ट्रस्टच्या पस्तीस वर्षांतून मी एवढंच घेतलं. मोठी, वेगळी संस्था काढायला हरकत नाही. पण तिच्या टेबलावर, ज्याचं घर जाणार आहे त्याचा निवडलेला माणूस बसलेला असायला हवा, आणि तोही १४ पैकी ४ अशा प्रमाणात नको. तो नसला तर हुशार इंजिनिअरसुद्धा आधी पाडतात आणि नंतर मोजतात.

तोवर आपण करण्यासारखं एक काम आहे. तुम्ही राहता त्या जागेचं नियोजन प्राधिकरण कोणतं, हे शोधून काढा. महापालिका, एमएमआरडीए, पीएमआरडीए, सिडको, एमआयडीसी, काहीही असू शकतं. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि आपण पान उलटतो. पुढच्या वेळी पान उलटू नका. आपला सर्व्हे नंबर शोधा, त्यावर कुठल्या रंगाची रेघ मारलीय ते बघा, आणि पटलं नाही तर लेखी हरकत द्या. १९०० साली नागपाड्यातल्या बिऱ्हाडकरूला नकाशा दाखवायलासुद्धा कुणी आलं नव्हतं.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.